वन्समोअर

२०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत आमच्या गावभागातल्या घरात शिरलं, तेव्हा आम्ही देव, कागदपत्रं आणि आईची औषधं एवढंच घेऊन बाहेर पडलो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. नदी त्या वेळी ५७ फुटांच्या वर गेली होती. पाणी उतरल्यावर परत आलो तर पाण्याची रेघ माझ्या डोक्याच्याही वर उमटलेली. भिंतीतल्या कपाटाची खालची फळी चिखलाने भरली होती, आणि त्या चिखलात अण्णांची चोपडी होती.

अण्णा म्हणजे माझे आजोबा. हळदीच्या एका पेढीवर ते दिवाणजी होते. चोपडी तिथलीच, लाल कापडी पुठ्ठ्याची, लांबट. हिशेबासाठी आलेल्या त्या चोपडीत त्यांनी आयुष्यभर बुद्धिबळाचे डाव लिहिले. अण्णा गेल्याला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत मी ती फार तर चार-पाचदा उघडली असेन. ओली चोपडी हातात घेतली तेव्हा मात्र पोटात कालवलं. पानं एकमेकांना चिकटली होती. पंख्याखाली वर्तमानपत्रं पसरून, एकेक पान सुटं करत मी आठ दिवस ती वाळवली.

वाळल्यावर एक गोष्ट लक्षात आली. शाई धुऊन गेली होती, पेन्सिल राहिली होती.

अण्णा शाईने लिहीत. त्यांचे जोडीदार म्हणजे शेजारचे मास्तर. ते शाळेत शिकवायचे आणि कायम पेन्सिलीने लिहायचे. दोघांनी मिळून एकच चोपडी ठेवली होती. आपली चाल ज्याने त्याने आपल्या रकान्यात लिहायची असा रिवाज. त्यामुळे पुरानंतर प्रत्येक डावाचा निम्मा भाग उरला होता. मास्तरांच्या चाली स्वच्छ दिसत होत्या. अण्णांच्या जागी फिकट निळे ढग, आणि ढगात एखादं काना-मात्रेचं टोक.

मास्तरांचं अक्षर कुणालाही ओळखता यावं असं. शह दिला की ते चालीपुढे 'शह' असं पूर्ण लिहीत आणि त्याखाली दोन रेघा ओढत. मुलांच्या वह्यांत चूक दिसली की ते अशाच दोन रेघा ओढत. त्यांचा शह लिहायचा राहिला असं एकही पान मला आढळलेलं नाही.

मी सहा वर्षांची असताना अण्णांनी मला पटावर बसवलं. पट शिसवीचा. मोहरी लाकडी, बुडाला हिरवं बनातीचं कापड लावलेली. पांढऱ्या राजाचं डोकं पिवळसर होतं. पेढीवर दिवसभर हळदीचे नमुने हाताळून अण्णा घरी येत. हात कितीही धुतले तरी बोटांच्या पेरांत पिवळेपणा राहायचाच, आणि तो थोडा थोडा करून पांढऱ्या राजावर उतरला होता. काळ्या मोहऱ्यांवर काही दिसायचं नाही. मोहरी कशी चालतात ते तासाभरात सांगून झालं. अण्णांनी खेळायला मात्र बसवलं नाही. "आधी एक डाव बघ," म्हणाले.

तो डाव पॅरिसमधला, १८५८ सालचा. पॉल मॉर्फी नावाचा एकवीस वर्षांचा अमेरिकन मुलगा ऑपेरा ऐकायला गेला होता. ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या दोघांनी त्याला आपल्या बॉक्समध्ये बोलावलं, आणि रंगमंचावर गाणं चालू असताना दोघं मिळून त्याच्याशी एक डाव खेळले. मॉर्फीने तो सतरा चालींत जिंकला. नाटकाच्या गावात हा डाव मुलांना सांगायला फार सोपा. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीतच 'सीतास्वयंवर' रंगवलं. अण्णांच्या पिढीचे लोक भावे नाट्यमंदिरात पाठ असलेली पदं ऐकायला जायचे आणि त्याच पदाला वन्समोअर द्यायचे. त्यामुळे गाणं चालू आहे, एका बाजूला पट मांडलाय, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे लगेच उभं राहिलं. त्यातले ड्यूकसुद्धा मला कितीतरी वर्षं फेटा बांधलेले दिसायचे.

शेवट असा होतो. पटाचे उभे स्तंभ ए ते एच आणि आडव्या रांगा एक ते आठ, त्यावरून घराचं नाव. सोळाव्या चालीला मॉर्फी आपला वजीर बी८ या घरात, शत्रूच्या अगदी दारात नेऊन शह देतो. काळ्याला तो घोड्याने मारावाच लागतो. घोडा जागचा हलला की डी८ला जायची वाट मोकळी होते. मॉर्फीचा हत्ती सरळ वर चढतो आणि मात. पटावर पांढऱ्याकडे प्यादी सोडून उरतात एक हत्ती आणि एक उंट. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट, घोडा सगळे शाबूत असतात आणि एकालाही काही करता येत नाही. पहिल्यांदा तो हत्ती चढला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या आणि ओरडले, "वन्समोअर!" अण्णांनी मोहरी पुन्हा मांडली.

तेव्हापासून आजपर्यंत हा डाव मी किती वेळा मांडला याची मोजदाद नाही. शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा पुन्हा काय बघायची, असं लोक विचारतात. पद पाठ असलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. शेवट माहीत असला की नजर शेवटाकडे धावायची थांबते आणि आधीच्या जागांवर रेंगाळायला मोकळी होते.

लहानपणी मी सोळाव्या चालीची वाट बघत बसायचे. कॉलेजात असताना आठव्या चालीवर थांबायला लागले. तिथे मॉर्फीचा वजीर बी३वर आहे आणि बी७चं प्यादं फुकट पडलंय. ते घेतलं तर काळा वजिराने शह देऊन वजिरावजिरी करून घेईल, तरी पांढऱ्याचं एक प्यादं जास्त राहीलच. कुठल्याही दुकानदाराने घेतला असता असा तो सौदा. मॉर्फी प्याद्याकडे बघतही नाही. घरात बसलेला घोडा सी३ला बाहेर काढतो. "मारायची घाई कशाला?" अण्णा म्हणत. "आधी बघ, घरात कोण रिकामं बसलंय. त्याला बोलव."

आता मी सगळ्यात जास्त वेळ थांबते ती चौदाव्या चालीवर. बाराव्या चालीला मॉर्फी वजिराच्या बाजूला किल्लेकोट करतो. एकाच चालीत राजा सुरक्षित होतो आणि हत्ती डी स्तंभात उभा राहतो. तेराव्या चालीला तोच हत्ती डी७वरचा घोडा मारून स्वतःचा बळी देतो. काळ्याचा हत्ती त्याला मारून डी७वर येतो. डी१ची जागा रिकामी झाली. आणि चौदाव्या चालीला, डाव सुरू झाल्यापासून एच१च्या कोपऱ्यात नुसता उभा असलेला दुसरा हत्ती त्या जागी येऊन उभा राहतो. ना कुणाला मारलं, ना शह दिला. काळ्याचा डी७वरचा हत्ती उंटाने राजाशी जखडलेला आहे, हलला तर मागच्या राजाला शह, त्याच्यावर आणखी एक माणूस आला, इतकंच. पण डाव तिथेच संपला. पुढच्या तीन चाली म्हणजे फक्त भैरवी. दर वेळी हा दुसरा हत्ती हातात घेऊन सरकवताना मला मनापासून आनंद होतो. मोबाईलवर बोट फिरवून तो होत नाही. लाकडी मोहऱ्याचं वजन हाताला लागावं लागतं.

सांगलीत बुद्धिबळाची हवा जुनीच. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने इथे मुलांना खेळायची जागा करून दिली. भाग्यश्री साठे, पुढच्या ठिपसे, याच मुशीत तयार झाल्या आणि पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरल्या. स्वाती घाटेही इथल्याच. मेच्या सुट्टीत स्पर्धा भरल्या की अण्णा मला बघायला न्यायचे. शेकडो घड्याळांची टिकटिक, आणि त्या टिकटिकीखालची शांतता मला अजून आठवते. नाटक आणि बुद्धिबळ यांचं नातं तर इथे रक्ताचंच आहे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर १८७२ साली सांगलीत जन्मले, आणि १९७४ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा जिंकणाऱ्या वासंती खाडिलकर त्यांच्या पणती. जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणीही पुढे राष्ट्रीय विजेत्या झाल्या. अण्णा हे इतक्या अभिमानाने सांगायचे की खाडिलकर आमचे नातलगच असावेत असं मला वाटायचं.

मी स्वतः फार पुढे गेले नाही. जिल्ह्याच्या एक-दोन स्पर्धा खेळले, मग बँकेची परीक्षा, नोकरी, संसार. पण डाव वाचणं सुटलं नाही. गाता न येणारा माणूस उत्तम कानसेन होऊ शकतो, तसं बुद्धिबळाचंही आहे यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आणि कान तयार झाला की घराणी ओळखू येतात. जानेवारी २०१३मध्ये विक आन झी इथे आनंदने काळी मोहरी घेऊन लेव्हॉन अरोनियनला तेवीस चालींत हरवलं. आनंदचे दोन्ही उंट पांढऱ्याच्या राजाकडे शेजारशेजारच्या तिरक्या रेषांतून रोखलेले, मध्ये घोडे आपला जीव देऊन वाट मोकळी करतायत. ते बघताना अंगावर काटा आला, कारण ही जागा मी आधी ऐकली होती. १९०७ साली वूजमध्ये अकिबा रुबिनस्टाईनने रॉटलेवीविरुद्ध असेच दोन उंट रोखून वजिराचा बळी दिला होता. तो डाव अण्णांच्या चोपडीत आहे. एकशे सहा वर्षांनी तीच चीज दुसऱ्या गळ्यातून, नव्या तानांसह ऐकू आली. त्या दिवशी अण्णा हवे होते.

सिनेमात मात्र मला बुद्धिबळ क्वचितच भेटतं. पडद्यावरचे खेळाडू मोहरी आपटतात, राजा आडवा पाडतात, डोळे विस्फारतात. प्रतिभावंत म्हणजे अर्धा वेडा, हे दाखवायची सगळ्यांना घाई. बसून राहण्यातलं सुख दाखवलं ते सत्यजित राय यांनी, 'शतरंज के खिलाडी'त (१९७७). सुरुवातीलाच पट दिसतो आणि हात येऊन मोहरी हलवतात. १८५६चं लखनौ, इंग्रज अवध गिळायला निघालेत, आणि संजीवकुमार व सईद जाफरी यांचे दोन जमीनदार डावात गुंग. बायको मोहरी लपवते तेव्हा घरातल्याच जिनसा मोहरी म्हणून मांडून ते पुढे खेळतात. प्रेमचंदांच्या कथेवरचा हा चित्रपट त्या दोघांना माफ करत नाही, करूही नये. पण मोहरी नसताना पट मांडायची ती तगमग मी आमच्या ओसरीवर बघितलेली आहे. त्यात एक मुनशी इंग्रजी पद्धत समजावून सांगतो, प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, वजिराच्या जागी राणी असते. अण्णा लहानपणी देशी पद्धतीनेच शिकले होते, प्यादं एकेक घर सरकवत. त्या दृश्याला ते हलकेच म्हणाले, "आम्हालाही असंच कुणीतरी सांगितलं होतं."

चोपडीत एक पान असं आहे ज्यावर डाव नाही, नुसती आकृती आहे. मास्तरांनी पेन्सिलीने काढलेली, म्हणून वाचली. पटावर फक्त चार जण. पांढरा राजा एच८च्या कोपऱ्यात, त्याचं प्यादं सी६वर. काळा राजा ए६वर, त्याचं प्यादं एच५वर. खाली लिहिलंय: 'रेटी, १९२१. पांढऱ्याची चाल. बरोबरी.' रेटी म्हणजे हे कोडं रचणारा खेळाडू.

मी बारा वर्षांची होते. ही बरोबरी होणं शक्यच नाही, असं मी ठासून सांगितलं. काळं प्यादं खाली पळतंय, पांढरा राजा त्याच्या दोन पावलं मागे पडलाय. आपल्या प्याद्याला मदत करावी तर तेही लांब, आणि काळा राजा त्याच्या उशाशी बसलेला. मास्तर म्हणाले, "सरळ नको जाऊस. तिरकी चाल." राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका उतरतो. उतरताना तो काळ्या प्याद्याच्याही जवळ जातो आणि आपल्या प्याद्याच्याही. ई५ला पोचल्यावर काळ्याने पांढरं प्यादं मारलं तर राजा एफ४ला जाऊन काळं प्यादं पकडतो. काळ्याने प्यादं पुढे पळवलं तर राजा डी६ला जाऊन आपल्या प्याद्याला हात देतो आणि दोघांचेही वजीर होतात. कागदावर तिरकी रेघ सरळ रेघेपेक्षा लांब असते. पटावर राजाला दोन्हीकडे तेवढीच पावलं पडतात. हे समजलं तेव्हा मी पाणी प्यायला उठले होते आणि भांडं हातात धरून तशीच उभी राहिले.

१२ डिसेंबर २०२४ला सिंगापूरची जगज्जेतेपदाची चौदावी लढत मी मोबाईलवर बघत होते, पण शेजारी हाच पट मांडून. पंचावन्नाव्या चालीला पांढरी मोहरी घेऊन खेळणाऱ्या डिंग लिरेनने हत्ती एफ२ला नेला. कुणाचं पारडं जड ते दाखवणारी संगणकाची पट्टी त्याच क्षणी खाली कोसळली आणि जगभर आरडाओरडा झाला. मी मुद्दाम मोबाईल पालथा ठेवला. हत्तीला हत्ती गेला. मग उंटाला उंट देऊ केला, तर ए८च्या कोपऱ्यात गेलेल्या पांढऱ्या उंटाला पळायला वाट नाही. दोन्ही गेल्यावर उरतात राजे आणि प्यादी, आणि काळ्याचं प्यादं जास्त. हे मला पटावर दिसायला पाचेक मिनिटं लागली. मोबाईल सुलटा केला तेव्हा अठरा वर्षांचा गुकेश जगज्जेता होऊन रडत होता. ती पाच मिनिटं माझी स्वतःची होती, ती मी कुणाला देणार नाही.

तर, चोपडी. टाळेबंदीच्या काळात मी ती नव्या वहीत उतरवायला घेतली. गाजलेले डाव पुस्तकांतून पुन्हा मिळाले. अण्णा आणि मास्तरांचे आपसातले डाव मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. त्यांत मास्तरांच्या उत्तरांवरून अण्णांचे प्रश्न शोधायचे होते. एका डावात मास्तरांनी आधी एच६ला प्यादं सरकवलं, मग जी५ला, मग घोडा एच५ला नेला, मग लिहिलं: घोड्याने उंट मारला. म्हणजे मास्तरांचा घोडा वजिराशी जखडून बसलेला अण्णांचा उंट जी५वरून एच४ला हटला आणि तिथून जी३ला. जखडण सोडायची नाही तर दुसरी वाट नव्हती. अशा दोन चाली सापडल्या की त्या दिवशीचा स्वयंपाकसुद्धा हलका व्हायचा. कधी एका चालीला आठवडा लागायचा. एक्केचाळीस डाव असे पुरे झाले.

बेचाळिसावा अडला, तो एका अक्षरावर.

अण्णा जुन्या पद्धतीने लिहीत. 'ह-व१' म्हणजे हत्ती वजिराच्या स्तंभात, पहिल्या घरात. पण किल्लेकोट झाल्यावर त्यांचे दोन हत्ती होते, एक ए१वर, एक एफ१वर, आणि मधली घरं मोकळी. दोघांनाही डी१ला येता येत होतं. कुठला हत्ती ते सांगणारं पहिलं अक्षर, वजिराकडचा असेल तर 'व', राजाकडचा असेल तर 'रा', नेमकं तेच वाहून गेलं होतं. पुढे मास्तरांनी त्यांच्या डी८वरच्या हत्तीने तो मारला. अण्णांनी उरलेल्या हत्तीने परत घेतलं. म्हणजे कुठलाही हत्ती गेला असता तरी दोन चालींनी पट सारखाच. पुढच्या कुठल्याच चालीवरून उत्तर निघेना. मी जागा रिकामी सोडली. रिकामा बसलेला हत्ती तो ए१चा. अण्णांनी त्यालाच बोलावलं असणार हे मला आतून ठाऊक होतं, पण आतून ठाऊक आहे म्हणून वहीत लिहायचं नाही.

तीनेक वर्षं ती जागा रिकामीच होती. गेल्या मेमध्ये माझ्या भाचीला डाव दाखवताना तो पुन्हा मांडला. हत्ती कुठला घ्यायचा ते तिला विचारलं, तिने एफ१चा उचलून डी१ला ठेवला. मग मी मास्तरांचा काळा हत्ती खाली आणला आणि त्याने तो मारला.

"आत्या, राजाला शह बसला," ती म्हणाली.

बसलाच होता. एफ१ मोकळं झाल्यामुळे काळा हत्ती पहिल्या रांगेतून सरळ जी१च्या राजाकडे बघत होता. मी तिला चाल मागे घ्यायला लावली. ए१चा हत्ती डी१ला. काळ्याने मारला. आता एफ१चा हत्ती मध्ये उभा, राजा आडोशाला. शह नाही.

कपाटाच्या वरच्या फळीवरून चोपडी काढली. पान उघडायला थोडा वेळ लागला, कारण पुरात सुरकुतलेली पानं अजून अडकतात. मास्तरांच्या रकान्यात स्वच्छ पेन्सिलीने लिहिलं होतं: ह × ह. पुढे काही नाही. खाली रेघाही नाहीत.

भाची विचारत होती, पुढची चाल कुठली. मी तिच्याच कंपासपेटीतली पेन्सिल घेतली आणि वहीतल्या रिकाम्या जागेत 'व' लिहिला.